एकच संगणक, पाच माणसे, सहा खाती

आमच्या घरी संगणक एकच आहे. २०१९ साली घेतलेला हा संगणक दिवाणखान्यात खिडकीशेजारच्या टेबलावर असतो आणि गेल्या मे महिन्यापर्यंत त्यावर खातेही एकच होते. दुकानातून यंत्र जुळवून देणाऱ्या माणसाने त्या खात्याला ‘होम’ असे नाव दिले होते, पासवर्ड ठेवला नव्हता, आणि आम्हीही कधी ठेवला नाही. बटण दाबले की संगणक सरळ कामाला तयार होत असे. समोर कोण बसले आहे हे त्याने कधी विचारले नाही. मी त्यावर नागपूरच्या इतवारी आणि महाल भागातील काही लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे करते. माझे पती बुटीबोरीला कारखान्यात पाळीने कामाला जातात, ते सुट्टीच्या दिवशी बँकेची कामे आणि फोटो पाहतात. अकरावीतला मुलगा प्रोग्रामिंग शिकतो आणि खेळतो, सातवीतली मुलगी शाळेचे प्रकल्प करते, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्या प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यांच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा टंकलिखित करतात.

पाच माणसांचे हे सारे काम एकाच डेस्कटॉपवर आणि एकाच ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये साचत होते. त्याचे व्हायचे तेच एप्रिलमध्ये झाले. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. इतवारीतील एका कापड व्यापाऱ्याने मार्च महिन्याची खरेदीची बिले मला मोबाइलवरून एकेक करून पाठवली होती, आणि मी ती उतरवून घेऊन ‘डाउनलोड्स’मध्येच ठेवली होती, कारण रात्री बसून ती नीट नावे देऊन लावायची होती. त्याच दुपारी मुलाला एक खेळ टाकायचा होता आणि जागा कमी पडत होती. त्याने ‘डाउनलोड्स’ रिकामे केले, त्यानंतर पुसलेल्या फायली जिथे साठतात ती रीसायकल बिनही रिकामी केली, आणि खेळ टाकला. फायली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर मी चालवून पाहिले. परंतु त्याच जागेवर खेळाच्या फायली लिहिल्या गेल्या असल्यामुळे जे हाती आले ते अर्धवट आणि न उघडणारे होते. मला त्या व्यापाऱ्याला फोन करून सर्व बिले पुन्हा मागावी लागली. त्यांनी ती दिली, विवरणपत्रही वेळेत गेले. पण दुसऱ्याची कागदपत्रे माझ्या घरी हरवली, ही गोष्ट मला फार लागली.

मुलाला मी रागावले नाही, कारण विचार केल्यावर त्याचा दोष मला दिसेना. त्या फोल्डरवर कोणाचेही नाव नव्हते. आमच्या नागपुरी बोलण्यात नुसते ‘माझं’ म्हणून भागत नाही, ‘माझंवालं’ म्हणावे लागते. पण त्या संगणकावर ‘माझंवालं’ असे काही नव्हतेच. जे होते ते सगळे ‘होम’चे होते, आणि म्हणून कोणाचेच नव्हते.

वेगवेगळी खाती करावीत हा विचार तेव्हा पक्का झाला. विंडोजमध्ये प्रत्येक खात्यासाठी ‘सी’ ड्राइव्हवरील ‘युजर्स’ या फोल्डरात एक स्वतंत्र फोल्डर तयार होतो. त्या व्यक्तीचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि चित्रे तर त्यात असतातच, शिवाय ‘ॲपडेटा’ नावाचा एक लपलेला फोल्डरही असतो, ज्यात ब्राउझरचा इतिहास, साठवलेले पासवर्ड आणि प्रोग्रामच्या आवडीनिवडी राहतात. म्हणून खाते बदलले की केवळ फायली नव्हे, पडद्यावरचे चित्र, भाषा, कळफलक, अक्षरांचा आकार हे सगळेच बदलते. ही कल्पना घरगुती संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत करून दाखवली, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्या यंत्रणेत पासवर्ड आला. घरगुती विंडोजमध्ये मात्र हे फार उशिरा रुजले. विंडोज ९८ मध्ये पासवर्डाची चौकट येत असे आणि ‘कॅन्सल’ दाबले की कोणीही आत जात असे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीने घराघरांत खरी स्वतंत्र खाती आणली, पण बसवताना तयार होणारे प्रत्येक खाते सर्वाधिकारी असे. अनेक घरांत आजही पहिलेच खाते सगळे वापरतात, याचे मूळ मला त्या काळच्या सवयीत दिसते.

घरात हा विषय काढला तेव्हा पहिला आक्षेप पतींचा होता. “आपल्याच घरात आपण एकमेकांपासून कुलपं लावून राहिलो का?” असे त्यांनी विचारले, आणि त्यात राग नव्हता, खरे दुःख होते. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्यांचे सासर भंडारा जिल्ह्यातले, चार जावांचे एकत्र कुटुंब. त्या म्हणाल्या, “आमच्या घरी चारही सुनांच्या माहेरून आलेल्या पेट्या एकाच खोलीत होत्या. कोणाच्याच पेटीला कुलूप नव्हतं रे. पण दुसरीची पेटी कोणी उघडत नव्हतं, कारण कोणती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.” त्यानंतर पतींनी विरोध केला नाही. मलाही नेमके हेच हवे होते, आणि ते मला इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते.

मे महिन्यातला एक रविवार आम्ही त्यासाठी धरला. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुले घरीच होती. बाहेर ऊन असे होते की दुपारी कोणी उंबरठा ओलांडणार नव्हते. कूलर लावला, संगणक बसवला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सगळे घर त्याच्याभोवती बसले.

खाते उघडणे हा सर्वांत सोपा भाग आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधून ‘अकाउंट्स’ आणि तेथून ‘अदर युजर्स’ येथे जावे, ‘ॲड अकाउंट’ दाबावे. संगणक लगेच त्या व्यक्तीचा ईमेल मागतो. मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे ईमेलने इंटरनेटवर जोडलेले, खाते नको असेल तर या व्यक्तीची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही असे सांगणारा पर्याय निवडावा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याविना वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्यावा. मग नाव, पासवर्ड आणि तीन सुरक्षा प्रश्न भरले की खाते तयार होते. माझ्या, पतींच्या, सासूबाईंच्या आणि मुलाच्या खात्यांसाठी आम्ही हाच मार्ग घेतला. असे नवे खाते आपोआप ‘स्टँडर्ड’ म्हणजे साधे असते, आणि ते तसेच राहू द्यावे असे माझे ठाम मत आहे.

येथे थोडे थांबून सांगते, कारण यावरच आमच्याकडे सर्वाधिक चर्चा झाली. जुने ‘होम’ खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ होते, म्हणजे त्याला संगणकावरील कोणताही प्रोग्राम बसवता-काढता येत होता, कोणाच्याही फायली उघडता येत होत्या. ते आम्ही काढून टाकले नाही. त्याला लांब पासवर्ड लावला आणि केवळ व्यवस्थेसाठी राखून ठेवले. मी स्वतः रोजच्या कामासाठी साधेच खाते घेतले. मुलाला हे पटेना. तो म्हणाला, “आई, तू तर मालकीण आहेस, तूच ॲडमिन ठेव ना तुझंवालं.” मी त्याला समजावले की मी ज्या खात्यातून ईमेल उघडते, अनोळखी व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या फायली उतरवते, त्याच खात्याच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या असू नयेत. साध्या खात्यातून काही बसवायला गेले की पडदा मंद होतो आणि विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आली, तेव्हा लोक तिला वैतागले होते. मला मात्र तो क्षणभराचा अडसर मोलाचा वाटतो. पहिल्या आठवड्यात मुलाने मला सहा वेळा हाक मारली. पाच वेळा मी वाचून पासवर्ड टाकला. सहाव्या वेळी कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेला, खेळात फुकट नाणी देतो म्हणणारा प्रोग्राम होता. तो मी बसवू दिला नाही, आणि का नाही हे त्याच्याशेजारी बसून सांगितले. पूर्वी तो प्रोग्राम मला कळण्यापूर्वीच बसला असता.

जुन्या फायली वाटून देणे हे खरे कष्टाचे काम होते. आमची पद्धत अशी होती: ‘होम’ खात्यात बसून प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर ‘युजर्स’मधील ‘पब्लिक’ या सामायिक फोल्डरात केला, ज्याचे त्याचे त्यात कॉपी केले, आणि मग प्रत्येकाने आपापल्या खात्यात जाऊन तेथून आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये कॉपी केले. येथे कॉपी हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे. त्याच ड्राइव्हवर फाइल कापून दुसरीकडे चिकटवली तर ती बरेचदा आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन जाते, आणि मग नव्या मालकाला ती उघडत नाही किंवा भलत्यालाच उघडता येते. कॉपी केलेली फाइल मात्र ज्या फोल्डरात जाते त्याच्या परवानग्या घेते. सर्वांनी आपले सगळे पोचल्याची खात्री केल्यावर, दोन दिवसांनी, आम्ही ‘पब्लिक’ रिकामे केले. या वाटणीत पतींना २०१९ च्या दिवाळीचे फोटो सापडले, जे मोबाइल बिघडल्यामुळे कायमचे गेले असे आम्ही धरून चाललो होतो.

संध्याकाळी मला वाटले की काम झाले. मग सहज मुलाच्या खात्यातून ‘डी’ ड्राइव्ह उघडली, आणि माझ्या सर्व व्यापाऱ्यांचे फोल्डर तिथे जसेच्या तसे उघडत होते. केवळ उघडत नव्हते, पुसताही येत होते.

हा मुद्दा ज्यांच्या घरी दुकानातून जुळवून आणलेला संगणक आहे त्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा. आपल्याकडे संगणक देताना हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करून देण्याची पद्धत आहे, आणि ‘सी’मध्ये काही ठेवू नका, विंडोज पुन्हा टाकावे लागले तर जाईल, सगळे ‘डी’मध्ये ठेवा, असा सल्लाही बरोबर मिळतो. तो सल्ला आपल्या जागी बरोबर आहे. परंतु विंडोज जे संरक्षण देते ते ‘युजर्स’मधील आपल्या फोल्डरला देते. ‘डी’ ड्राइव्हवर केलेल्या नव्या फोल्डराला मुळात अशी परवानगी मिळते की या संगणकावर साइन-इन केलेल्या कोणालाही तो वाचता आणि बदलता येतो. म्हणजे पाच खाती उघडूनही, ज्या फोल्डरासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच भर चौकात राहिला होता.

‘सी’मध्ये जागा कमी असल्यामुळे सगळे तिकडे नेणे मला शक्य नव्हते. म्हणून माझ्या नव्या खात्यातून ‘डी’वर एक नवा फोल्डर केला, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ येथे गेले. तेथे वरच्या ड्राइव्हकडून वारशाने येणाऱ्या परवानग्या बंद करता येतात. बंद करताना त्या पुसून न टाकता या फोल्डरच्या स्वतःच्या म्हणून राखाव्यात. त्यानंतर आधी आपल्या खात्याचे नाव जोडून त्याला पूर्ण अधिकार द्यावा, आणि नंतरच ‘युजर्स’ व ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ या दोन नोंदी काढाव्यात. ‘सिस्टीम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या नोंदींना हात लावू नये. क्रम उलटा केला तर आपणच बाहेर राहण्याची शक्यता असते. मग व्यापाऱ्यांच्या जुन्या फायली त्या फोल्डरात कॉपी केल्या, मुलाच्या खात्यातून उघडून पाहिले, प्रवेश नाकारल्याचा संदेश आला, आणि तेव्हाच जुन्या प्रती पुसल्या. दुसऱ्याच्या खात्यातून स्वतः पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नये, हे मी त्या संध्याकाळी शिकले.

सासूबाईंचे खाते लावताना मला सर्वांत अधिक समाधान मिळाले. आतापर्यंत त्या आमच्या इंग्रजी पडद्यावर, आमच्या बारीक अक्षरांत, मुलाने ठेवलेल्या काळ्या पार्श्वभूमीवर काम करत होत्या आणि दर वेळी कळफलक मराठीत करून देण्यासाठी कोणाला तरी हाक मारत होत्या. आता त्यांच्या खात्यात पडद्याची भाषा मराठी आहे. सगळ्या पाट्या मराठीत येत नाहीत, काही ठिकाणी इंग्रजी डोकावते, पण रोज लागणारे शब्द मराठीत आहेत. अक्षरांचा आकार विंडोजमध्ये २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, आम्ही १५० वर थांबलो. इनस्क्रिप्ट कळफलक, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, तो त्यांनी शिक्षिकेच्या चिकाटीने आधीच शिकून घेतला होता. आता त्यांचे खाते उघडते ते त्याच कळफलकासह. डेस्कटॉपवर एकच फोल्डर आहे, त्याचे नाव ‘ओव्या’. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ त्या रिकाम्या, पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसल्या आणि म्हणाल्या, “इथं आता कोणाचं काही पुसलं जायची भीती नाही ना मला?” इतकी वर्षे त्या दुसऱ्याचे काही बिघडेल या भीतीने माऊसला हात लावत होत्या, हे मला त्या प्रश्नामुळे कळले, आणि वाईट वाटले.

मुलीचे खाते तेवढे मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब-सुविधेत जोडले आहे. तिथे रोजची वेळ ठरवता येते आणि संकेतस्थळांवर गाळणी लावता येते. ही गाळणी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच चालते, म्हणून तिच्याकडे तोच ठेवला आहे. तिने आठवड्यात काय पाहिले याचा अहवालही येतो. तो येतो हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले आणि आम्ही दोघी मिळूनच तो उघडतो. मुलांपासून लपवून त्यांच्यावर नजर ठेवणे मला मान्य नाही. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र मी या सुविधेत घेतले नाही.

रोजच्या सवयी बसायला महिना लागला. उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ दाबले की पडदा बंद होतो आणि आपले काम तसेच राहते. पाणी प्यायला उठताना तेवढे पुरते. परंतु खाते नुसते बदलले, साइन आऊट केले नाही, तर आधीच्या व्यक्तीचे प्रोग्राम आत चालूच राहतात. आमच्या यंत्रात ८ जीबी मेमरी आहे. मुलाने खेळ उघडा ठेवून खाते बदलले की माझे हिशेबाचे पत्रक रांगत उघडते. म्हणून दीर्घ वेळासाठी उठणाऱ्याने साइन आऊट करावे असा नियम केला. संगणक बंद करताना आणखी कोणी आत असल्याची सूचना आली तर ती वाचावी, कारण तेव्हा बंद केला तर त्या व्यक्तीचे न जतन केलेले काम जाते. दुसरी गोष्ट पासवर्डाची. मायक्रोसॉफ्टशी न जोडलेल्या खात्याचा विसरलेला पासवर्ड ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून बदलून देता येतो, पण तसे केल्यास त्या खात्यात साठवलेले संकेतस्थळांचे पासवर्ड जाऊ शकतात. म्हणून पाचही जणांचे पासवर्ड ज्याने त्याने कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून गोदरेजच्या कपाटात घराच्या कागदपत्रांसोबत ठेवले आहे. ‘होम’चा पासवर्ड असलेल्या पाकिटावर माझी आणि पतींची सही आहे. मला उद्या काही झाले तर व्यापाऱ्यांची कागदपत्रे त्यांना परत मिळाली पाहिजेत.

या व्यवस्थेकडून तिच्या ताकदीबाहेरची अपेक्षा ठेवू नये. ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे तो ठरवले तर इतरांच्या फायली पाहू शकतो, आणि हे मी घरात सर्वांना स्पष्ट सांगितले आहे. काही प्रोग्राम केवळ एका खात्यापुरते बसतात आणि पासवर्ड मागतच नाहीत. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा विषाणू एखाद्या खात्यात शिरला तर त्या खात्याला जे जे लिहिता येते ते सगळे तो बिघडवू शकतो. आणि वेगळे खाते म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एप्रिलमध्ये माझ्याकडे त्या बिलांची दुसरी प्रत असती तर फोन करावा लागलाच नसता. आता दर महिन्याच्या २० तारखेला विवरणपत्र गेले की मी बाहेरची हार्ड डिस्क जोडते, सगळे कॉपी करते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. ती सतत जोडून ठेवत नाही.

‘पब्लिक’ फोल्डर आम्ही रिकामा केला होता, पण तो फार दिवस रिकामा राहिला नाही. पतींनी त्यात दिवाळीचे फोटो ठेवले. मग सासूबाईंना ओव्या नातीला वाचायला द्यायच्या होत्या. तिथे ठेवलेले सगळ्यांना दिसते तसे बदलताही येते, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि मूळ वही आपल्याच ‘ओव्या’ फोल्डरात ठेवून तिची एक प्रत ‘पब्लिक’मध्ये टाकायची असे ठरवले. आता नवीन ओवी आठवली की त्या आधी मूळ वहीत लिहितात, एकदा मोठ्याने म्हणून पाहतात आणि मग प्रत बदलतात. गेल्या आठवड्यात प्रतीच्या शेवटी मुलीने एक ओळ लिहून ठेवलेली सापडली: आजी, ‘जातं’ कसं दिसतं ते पण लिही ना.